विष्णुपंत छत्रे : भारतीय कसरतीला रिंगण मिळवून देणारा चाबूकस्वार

भारतीय जिम्नॅस्टिक्स महासंघाची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारतीय जिम्नॅस्ट प्रथमच उतरले. परदेशी कसरतपटूंच्या तोडीस तोड खेळ करून दाखवण्याची भारतीयांची जिद्द मात्र याहून सात दशके जुनी आहे. ती प्रथम उमटली ती सर्कशीच्या रिंगणात. २० मार्च १८८० रोजी ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला प्रयोग निवडक प्रेक्षकांसमोर झाला. भारतीयाने उभारलेली ती पहिली सर्कस मानली जाते. तिचे संस्थापक होते विष्णुपंत छत्रे. पेशाने चाबूकस्वार, वृत्तीने गवई आणि स्वभावाने हट्टी असलेल्या या मराठी माणसाने परक्यांचे आव्हान स्वीकारले आणि त्यातून देशात कसरतीचे एक नवे क्षेत्र उभे राहिले. त्या क्षेत्रात स्त्रीला आरंभापासूनच स्थान होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

विष्णुपंतांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोप या गावचा. कृष्णाकाठचे हे गाव औदुंबरच्या दत्तस्थानाला लागूनच आहे. दक्षिण महाराष्ट्राचा हा टापू तेव्हा लहान-लहान संस्थानांनी व्यापलेला होता. सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड येथे पटवर्धन घराण्याच्या शाखा नांदत होत्या. पेशवाई बुडाली असली तरी या दरबारांतून पागा, तालमी, कीर्तने आणि गाण्याच्या बैठका टिकून होत्या. अंगी गुण असलेल्या तरुणाला आश्रय मिळण्याची हीच ठिकाणे होती.

विष्णुपंतांना दोन गोष्टींचे वेड होते, घोडे आणि गाणे. या दोन्हींच्या ओढीने ते ग्वाल्हेरला गेले. शिंद्यांच्या त्या राजधानीत घोड्यांचे उत्तम जाणकार होते आणि ख्यालगायकीचे थोर उस्तादही. तेथे त्यांनी घोडा फेरण्याची व शिकवण्याची विद्या आत्मसात केली आणि ग्वाल्हेर घराण्याचे आद्य उस्ताद हद्दूखाँ यांच्याकडे गाण्याची तालीम घेतली. एकाच माणसाने चाबूक आणि तंबोरा दोन्ही हाती धरावे, हे त्या काळच्या रूढ समजुतीला मानवणारे नव्हते. पण या दोन विद्यांमध्ये एक समान धागा होता. लय सांभाळणे, रोज न चुकता मेहनत करणे आणि घाई न करता शिकवणे या गोष्टी दोन्हीकडे लागतात. पुढे सर्कस उभारताना त्यांना हीच शिस्त उपयोगी पडली.

ग्वाल्हेरहून परतल्यावर ते कुरुंदवाड संस्थानात चाबूकस्वार म्हणून नोकरीस राहिले. अवखळ घोड्यांना ताब्यात आणणे आणि त्यांच्याकडून चित्तवेधक खेळ करवून घेणे यात त्यांचा हातखंडा होता. संस्थानिकांचीही त्यांच्यावर मर्जी होती. तेथेच ते राहिले असते, तर दरबारी कागदपत्रांपलीकडे त्यांचे नाव उरले नसते.

त्या सुमारास मुंबईत जुझेप्पे कियारिनी यांची ‘रॉयल इटालियन सर्कस’ आली. कियारिनी हे सर्कसविश्वातले मोठे नाव होते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आशिया अशा तीन खंडांत त्यांच्या कंपनीने खेळ केले होते. आधुनिक सर्कशीचा जन्म १७६८ मध्ये लंडनला झाला. फिलिप ॲस्टली या घोडेस्वाराने घोडा गोलाकार धावत असताना त्याच्या पाठीवर उभे राहणे सोपे जाते, हे ओळखून रिंगणाची कल्पना रूढ केली. सुमारे ४२ फूट व्यासाचे हे रिंगण पुढे जगभर प्रमाण मानले गेले. १८५९ मध्ये पॅरिसमध्ये ज्यूल लेओतार या तरुणाने एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घेण्याचा खेळ दाखवला आणि अश्वविद्येच्या जोडीला हवेतील कसरत आली. मुंबईकरांनी कियारिनींच्या तंबूत पाहिले ते या दोन्ही परंपरांचे पक्व रूप होते.

कुरुंदवाडच्या अधिपतींसमवेत विष्णुपंतांनी हा खेळ पाहिला. त्यानंतरचा प्रसंग महाराष्ट्रात अनेक प्रकारे सांगितला जातो. त्याचा गाभा असा, की भारतीयांना अशी सर्कस उभारता येणार नाही, त्यासाठी त्यांना पुष्कळ वर्षे लागतील, असा शेरा इटालियन सूत्रधाराने मारला. विष्णुपंतांना तो झोंबला. वर्षभरात भारतीय माणसे आणि भारतीय घोडे घेऊन सर्कस करून दाखवण्याचा पण त्यांनी केला. संस्थानाचे पाठबळ मिळाले आणि तयारीला प्रारंभ झाला.

घोड्यांची चिंता नव्हती, कारण ती विद्या त्यांच्या हातात होती. प्रश्न माणसांचा होता. वास्तविक महाराष्ट्रात कसरतीची परंपरा जुनी होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला शास्त्रशुद्ध रूप दिले होते आणि गावोगावच्या तालमींतून त्या विद्येचा प्रसार झाला होता. दुसरीकडे डोंबारी व कोल्हाटी समाजांतील स्त्री-पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दोरीवरून चालत होते, वेळूच्या टोकावर तोल सांभाळत होते आणि चौकाचौकांत कोलांट्या मारून पोट भरत होते. भारतात स्त्रियांची कसरत नवी नव्हती. तिला प्रतिष्ठा मात्र नव्हती. तालमीतील मल्लखांब पुरुषांचा मानला जाई आणि रस्त्यावरचा दोरीचा खेळ हीन लेखला जाई. या विखुरलेल्या कौशल्यांना एका छताखाली आणून, तिकीट लावून, वेळापत्रकानुसार खेळ करणे ही विष्णुपंतांपुढची खरी कसोटी होती.

ती त्यांनी पार पाडली. पहिल्या प्रयोगात स्वतः विष्णुपंतांचे घोड्यांवरील खेळ हे प्रमुख आकर्षण होते. त्यांच्या बरोबरीने रिंगणात उतरल्या त्या त्यांच्या पत्नी. त्या झुल्यावरील कसरत करीत आणि जनावरांनाही शिकवीत. बहुतेक वृत्तांतांत त्या छत्र्यांच्या पत्नी एवढ्याच ओळखीने येतात. तरीही त्या घटनेचे मोल कमी होत नाही.

हे मोल समजण्यासाठी त्या वर्षाकडे पाहायला हवे. त्याच १८८० सालच्या ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचे युग सुरू झाले. त्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत आणि पुढे कित्येक दशके करीत राहिले. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे समाजाला मान्य नव्हते. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले ते १८८२ मध्ये. पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला तोही त्याच वर्षी. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या त्या १८८३ मध्ये, आणि त्यासाठी त्यांना किती रोष पत्करावा लागला हे सर्वश्रुत आहे. अशा काळात ब्राह्मण घरातील एक स्त्री शेकडो डोळ्यांसमोर उंच झुल्यावर चढत होती. सभा, ग्रंथ आणि भाषणे यांतून जो प्रश्न विचारला जाऊ लागला होता, त्याला रिंगणातून मिळालेले हे एक अबोल उत्तर होते. जगातही चित्र फारसे वेगळे नव्हते. ऑलिम्पिकमध्ये महिलांना जिम्नॅस्टिक्सचे दार उघडले ते १९२८ मध्ये, ॲमस्टरडॅम येथे, आणि तेही केवळ सांघिक स्पर्धेपुरते. त्या वेळी पाच देशांचे महिला संघ उतरले होते व यजमान नेदरलँड्सने सुवर्णपदक जिंकले.

मुंबईतील यशानंतर सर्कस दौऱ्यावर निघाली. रेल्वेचे जाळे पसरत होते आणि त्यामुळे जनावरे, तंबू, खांब, दोर आणि माणसे असा सगळा संसार घेऊन लांबवर जाणे शक्य झाले होते. उत्तरेकडील संस्थानांतून खेळ करीत कंपनीने पुढे दक्षिणेची वाट धरली. मद्रास इलाखा हा मराठी माणसाला सर्वस्वी परका मुलूख नव्हता. व्यंकोजीराजांनी तंजावरला स्थापन केलेल्या भोसले राज्यामुळे कावेरीच्या खोऱ्यात, तंजावर आणि कुंभकोणम परिसरात, मराठी बोलणारी कुटुंबे दोन शतके नांदत होती. त्यांतील कर्तृत्ववान माणसे पुन्हा उत्तरेकडे येऊन मोठी पदे भूषवीत. विष्णुपंतांनी सर्कस काढली त्या वर्षी बडोदा राज्याचे दिवाण असलेले सर टी. माधवराव हे मूळचे कुंभकोणमचेच. दख्खन आणि दक्षिण यांच्यातील ही जुनी ये-जा सर्कशीच्या तंबूने आपल्या परीने पुढे चालू ठेवली आणि तिला मलबार किनाऱ्यावर अनपेक्षित फळ आले.

तेव्हा मद्रास इलाख्यात मोडणाऱ्या तलश्शेरी येथे १८८० च्या दशकात छत्र्यांचा मुक्काम पडला. तेथे त्यांची गाठ कीलेरी कुन्हिकण्णन या शिक्षकाशी पडली. कुन्हिकण्णन हे कळरीपयट्टू या केरळी युद्धविद्येचे जाणकार होते आणि पाश्चात्त्य धर्तीच्या जिम्नॅस्टिक्सचेही शिक्षक होते. एका बाजूला अंग लवचीक करणारी, तेलमर्दनाने आणि उड्यांनी शरीर घडवणारी देशी पद्धत. दुसऱ्या बाजूला समांतर दांड्या, आडवा दांडा आणि कड्या यांवरील विदेशी पद्धत. दोन्हींचा संगम त्यांच्या शिकवण्यात झाला होता. विष्णुपंतांकडे रिंगण होते, घोडे होते, नाव होते, पण कसलेले कसरतपटू पुरेसे नव्हते. कुन्हिकण्णन यांच्याकडे शिष्य होते, पण त्यांच्या विद्येला पोट भरण्याचा मार्ग नव्हता.

दोघांत समझोता झाला. कुन्हिकण्णन यांनी मुलांना सर्कशीच्या कसरतीचे शिक्षण द्यायचे आणि तयार झालेल्यांना छत्र्यांनी आपल्या कंपनीत घ्यायचे. वेगवेगळी मातृभाषा, वेगवेगळे प्रांत आणि वेगवेगळ्या जाती असलेल्या दोन माणसांनी केलेला हा करार भारतीय सर्कशीच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी व्यवहार ठरला. कसरत ही तोवर वंशपरंपरेने किंवा वस्तादाच्या मर्जीने मिळणारी विद्या होती. आता ती ठरावीक अभ्यासाने शिकवता येणारी आणि नोकरी मिळवून देणारी विद्या बनली. १९०१ मध्ये कुन्हिकण्णन यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे रीतसर सर्कसशाळा उघडली. तीन वर्षांनी त्यांच्याच शिष्याने केरळातील पहिली सर्कस कंपनी सुरू केली. पुढे देशातील बहुतेक मोठ्या सर्कशींमध्ये मालक, प्रशिक्षक आणि झुल्यावरचे खेळाडू तलश्शेरी व कन्नूरचे दिसू लागले. त्यांत मुलींची संख्याही वाढत गेली. कुन्हिकण्णन १९३९ मध्ये निवर्तले. केरळात त्यांना सर्कशीचे जनक मानतात, तर भारतीय सर्कशीचे जनक हा मान विष्णुपंतांना दिला जातो.

छत्र्यांची कंपनी परदेशातही गेली. सिलोन आणि आग्नेय आशियातील बंदरांतून तिचे खेळ झाले. कंपनीने अमेरिकेपर्यंत मजल मारल्याचे सर्कशीच्या इतिहासात सांगितले जाते. मात्र तेथे एकाच वेळी तीन रिंगणांत खेळ करणाऱ्या अवाढव्य कंपन्या होत्या आणि त्यांचे भांडवल, जाहिरात व रेल्वेगाड्या यांपुढे एका लहान भारतीय चमूचा टिकाव लागणे कठीण होते. कौशल्य कमी नव्हते, साधने तोकडी होती. भारतीय खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय वाटचालीत पुढेही वारंवार आलेला हा अनुभव विष्णुपंतांनी फार लवकर घेतला.

देशात मात्र त्यांच्या पावलावर पाऊल टाकून अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. सांगली, मिरज, तासगाव हा परिसर सर्कशींचे आगर बनला. कार्लेकर, देवल यांच्या सर्कशींची नावे घरोघरी पोहोचली. बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांनी ‘ग्रेट बेंगॉल सर्कस’ काढली आणि तिच्यात सुशीलासुंदरी ही तरुणी वाघांबरोबर निर्भयपणे खेळ करू लागली. पुण्याचे दामू धोत्रे हिंस्र श्वापदांचे शिक्षक म्हणून पुढे अमेरिकेतील विख्यात रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत चमकले. विष्णुपंतांना जी दारे बंद वाटली होती, ती त्यांच्यानंतरच्या पिढीतील मराठी माणसाने उघडली.

सर्कशीचा व्याप वाढत असताना विष्णुपंतांमधील गवई झोपी गेला नव्हता. त्यांचे गुरू हद्दूखाँ यांचे पुत्र रहिमतखाँ हे अलौकिक गळ्याचे गायक होते. परंतु वडिलांच्या निधनानंतर व्यसन आणि विमनस्कता यांमुळे ते भणंग अवस्थेत भटकत होते. काशीत विष्णुपंतांना ते सापडले. गुरुपुत्राला त्यांनी आपल्या घरी आणले, सांभाळले आणि पुन्हा गाते केले. सर्कशीच्या मुक्कामांत रहिमतखाँच्या मैफली होऊ लागल्या आणि महाराष्ट्राने त्यांना भूगंधर्व म्हणून गौरवले. शिष्याने गुरूचे ऋण फेडल्याची उदाहरणे संगीताच्या इतिहासात पुष्कळ आहेत. सर्कशीच्या मिळकतीतून एका घराण्याचा स्वर वाचवल्याचे हे उदाहरण मात्र एकमेवच म्हणावे लागेल.

उत्तरायुष्यात विष्णुपंतांनी सर्कशीचा कारभार बंधू काशिनाथपंत यांच्या स्वाधीन केला. १९०५ मध्ये इंदूर येथे त्यांचे निधन झाले. काशिनाथपंतांनी सर्कस आणि रहिमतखाँ या दोन्ही ठेवी निष्ठेने जपल्या. १९२२ मध्ये रहिमतखाँ कुरुंदवाड येथेच निवर्तले.

विष्णुपंतांच्या वारशाला एक काळी बाजूही आहे आणि तिचा उल्लेख टाळून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही. कसरतीसाठी शरीर लहानपणीच वळवावे लागते. या गरजेतून पुढे अनेक सर्कशींमध्ये गरीब घरांतील मुले, विशेषतः मुली, शाळा व आईबाप यांपासून तोडून आणल्या गेल्या. त्यांच्या कौशल्यावर टाळ्या मिळत राहिल्या, पण मजुरी, शिक्षण आणि सुरक्षितता त्यांच्या वाट्याला क्वचितच आली. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशींत मुलांना कामास लावण्यावर बंदी घालण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. ज्या विद्येने स्त्रीला रिंगणात स्थान दिले, तीच विद्या तिच्या बालपणाची किंमत मागत होती, हे यातून मान्य झाले. जिम्नॅस्टिक्सचे प्रशिक्षण घरापासून जवळ, शाळेच्या बरोबरीने आणि खेळाडूच्या हक्कांसह मिळायला हवे, या आजच्या आग्रहामागे हा इतिहास आहे.

२०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आगरताळ्याच्या दीपा कर्माकर यांनी व्हॉल्ट प्रकारात कांस्यपदक मिळवले. दोन वर्षांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये त्या १५.०६६ गुणांसह चौथ्या आल्या. कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले. ऑलिम्पिकमध्ये उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला जिम्नॅस्ट. भारताचा पूर्ण महिला संघ ऑलिम्पिकच्या सांघिक स्पर्धेत अजून उतरलेला नाही. एकेकटी खेळाडू शिखराजवळ पोहोचते, पण तिच्या मागे तेवढ्याच तयारीच्या आणखी काही जणी उभ्या नसतात, हे या खेळाचे आजचे दुखणे आहे.

एक माणूस स्वतःच्या बळावर किती दूर जाऊ शकतो, हे विष्णुपंतांनी घोड्याच्या पाठीवर दाखवले होते. पण त्यांचे नाव टिकले ते त्या नैपुण्यापेक्षाही तलश्शेरीच्या करारामुळे. शिकवणारा, शिकणारा आणि शिकलेल्याला काम देणारा अशी साखळी जोडली, तर एका गावातून पिढ्यान्‌पिढ्या कसरतपटू घडू शकतात, हे त्या कराराने सिद्ध केले. अंकलखोपच्या चाबूकस्वाराने इटालियन सूत्रधाराला दिलेले उत्तर एका वर्षात पुरे झाले. तलश्शेरीत पेरलेले बीज मात्र त्यांच्या पश्चात शतकभर फळत राहिले.